लॅपटॉपलाही दावं हवं

तायांनो, आपल्या प्रभागसंघाच्या ऑफिसात लॅपटॉप आला. आता गटांची बचत, कर्ज, हप्ते सगळं त्यातच. मेळाव्याच्या गर्दीत कुणी तो पिशवीत घालून नेला तर? त्यासाठी केबल लॉक मिळतं. गाईला दावं, तसंच हे.

लॅपटॉपच्या कडेला एक बारीक खाच असते, साधारण ७ मिमी लांब, ३ मिमी रुंद. काहींना ती लहान असते, काहींना नसतेच. म्हणून दुकानात लॅपटॉप सोबत नेऊनच लॉक घ्या.

केबल खिडकीच्या गजाभोवती फिरवा, लॉकचं टोक दुसऱ्या टोकाच्या फासातून ओवा. टेबलाच्या पायाला बांधू नका, टेबल उचललं की केबल खालून निघते. मग लॉक खाचेत घालून किल्ली फिरवा, ओढून बघा. एक किल्ली सचिवांकडे, दुसरी अध्यक्षांकडे. लॅपटॉपच्या बॅगेत नको.

कटरने केबल तुटते, म्हणून रात्री लॅपटॉप कपाटात कुलपात ठेवा. त्याचा सिरीयल नंबर रजिस्टरात लिहा, पोलीस तक्रारीला लागतो. आणि दर आठवड्याला हिशोबाची कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या, तो वेगळा ठेवा. लॅपटॉप पुन्हा घेता येईल. पण कुणी किती हप्ते भरले, ही नोंद कुठून आणणार?