रोगाच्या आधीचे औषध

नागपूरच्या उत्तरेस, औष्णिक वीजकेंद्राच्या उत्तुंग धुराड्यांमुळे आणि महालक्ष्मी जगदंबेच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित असलेल्या कोराडीत थंडीच्या आरंभी एखाद्या बालकास खोकला जडावा, यात नवल नाही. परंतु ज्याच्या रक्तात मातेकडून आलेला एचआयव्ही वास करतो, त्याचा खोकला न्यूमोनिया होऊन पुनःपुन्हा परततो आणि प्रत्येक खेपेस त्याचे वजन थोडे खाली आणतो. हा विषाणू रोगप्रतिकाराच्या सीडी-४ पेशींचा संहार करूनच थांबत नाही, तर प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशींचीही घडी विस्कटतो. परिणामी होऊन गेलेल्या संसर्गाची वा टोचलेल्या लसीची स्मृती अशा देहात फार काळ टिकत नाही.

यावर जी तजवीज सर्वांत स्वस्त, ती बहुतेक घरांत सेप्ट्रान या नावाने ठाऊक असलेली कोट्रायमॉक्सॅझोलची रोजची मात्रा. त्यातील दोन औषधे जंतूंच्या फोलेट-निर्मितीच्या लागोपाठच्या दोन पायऱ्या रोखतात. पहिली पायरी मानवी देहात नाहीच आणि दुसरीवर या औषधाचा अंमल अत्यल्प. झांबियातील लुसाका येथे ५४१ बाधित बालकांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसती निरौषध मात्रा मिळालेल्यांपैकी ४२ टक्के दगावली, औषध मिळालेल्यांपैकी २८ टक्के. आणि हे अशा प्रदेशात, जिथले बहुसंख्य जंतू या औषधास प्रयोगशाळेत दाद देत नव्हते.

त्याच वर्षी १ एप्रिलपासून भारत सरकारने एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधयोजना, मोफत सुरू केली. विषाणूच दाबला गेल्यावर जुन्या गोळीची गरज काय, असा तर्क स्वाभाविक होता. पण युगांडा व झिंबाब्वेतील २०१४ च्या अभ्यासात एआरटी स्थिरावलेल्या ज्या मुलांची ही गोळी थांबवली, त्यांना रुग्णालयात अधिक वेळा दाखल व्हावे लागले. क्षयाची प्रतिबंधक औषधे, न्यूमोकोकसची लस आणि एआरटीनंतर काही लसींची पुनरावृत्ती, यांचेही मोल मोठे आहे. मात्र बाधित मातेच्या बाळास सहाव्या आठवड्यापासून सेप्ट्रान देण्यास लसीच्या टिपणापेक्षा अधिक दप्तर लागत नाही.

खरी अडचण अशी की धडधाकट दिसणाऱ्या मुलास रोज औषध पाजण्याचे कारण शेजाऱ्यांना सांगता येत नाही, आणि कंत्राटी कामगाराच्या घरातून नागपूरच्या मेडिकल रुग्णालयातील एआरटी केंद्राची फेरी म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर पाणी. म्हणून सेप्ट्रानची बाटली एआरटीच्याच खिडकीवर, त्याच फेरीत आणि तितक्याच महिन्यांच्या पुरवठ्याइतकी मिळावी, आणि ती बंद करण्याचा हुकूम केवळ डॉक्टरांचा असावा, संपलेल्या साठ्याचा नव्हे, असा माझा आग्रह आहे.