विश्लेषण : विदूषक होण्यासाठी आधी चेहरा का झाकावा लागतो? मुखवटा आणि खेळातून शिकवण्याची पद्धत काय आहे?

लाल नाक लावले की विदूषक होता येते, असा माझा समज होता. गेल्या वर्षी पुण्यातील दोन दिवसांच्या एका कार्यशाळेत तो तीन मिनिटांत दूर झाला. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हमखास हशा मिळवणारी, थर्मोडायनॅमिक्सच्या सरांची नक्कल मी करून दाखवली. समोरचे वीसजण शांतपणे पाहत राहिले. प्रशिक्षकांनी स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवला. ‘झाले, बसा’ असा त्याचा अर्थ. विशेष म्हणजे त्याआधीचा संपूर्ण दिवस आम्ही मुखवटे घालून नुसते चालत, उठत, बसत होतो. हसवण्याच्या वर्गात चेहरा झाकून चालायला का लावतात, याचे उत्तर पॅरिसमधील एका नाट्यशाळेत सापडते.

ही पद्धत आली कुठून?

फ्रेंच दिग्दर्शक झाक कोपो यांनी १९१३ मध्ये पॅरिसमध्ये ‘व्ह्यू कोलोंबिए’ हे नाट्यगृह सुरू केले. नटांचा चेहरा फार बोलतो आणि शरीर गप्प बसते, ही त्यांची तक्रार होती. नटांच्या प्रशिक्षणात त्यांनी मुखवटा आणला तो त्यासाठीच. एका नटीचे अंग आखडले होते, तेव्हा त्यांनी तिच्या चेहऱ्यावर रुमाल टाकला आणि तिचे शरीर मोकळे झाले, अशी आठवण सांगितली जाते.

या विचाराला शिस्तशीर अभ्यासक्रमाचे रूप दिले झाक लकॉक (१९२१-१९९९) यांनी. लकॉक मुळात व्यायामशिक्षक. धावणे, उड्या, पोहणे यातून शरीराची हालचाल समजून घेत ते नाटकाकडे आले. १९४८ मध्ये ते इटलीला गेले आणि तेथे आठ वर्षे राहिले. पादुआ शहरात त्यांची गाठ शिल्पकार अमलेतो सार्तोरी यांच्याशी पडली. चामड्याचे मुखवटे घडवण्याची विस्मरणात गेलेली इटालियन कला सार्तोरी पुन्हा उभी करत होते. १९५६ मध्ये लकॉक पॅरिसला परतले आणि त्यांनी स्वतःची शाळा काढली. पुढे ही शाळा फोबुर्ग सां-दनी रस्त्यावरील एका इमारतीत गेली. तेथे पूर्वी मुष्टियुद्धाचे सामने होत. पडण्या-उठण्याचा वर्ग भरवायला याहून योग्य जागा कोणती असेल?

तटस्थ मुखवटा म्हणजे काय?

दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमाची सुरुवात ज्या मुखवट्याने होते, त्यावर कोणताही भाव नसतो. तो हसरा नाही, दुःखी नाही, चकितही नाही. तो घातल्यावर बोलायचे नाही आणि मुखवट्याला हात लावायचा नाही. अभ्यास ऐकायला अगदी साधे असतात. झोपेतून पहिल्यांदाच जागे व्हायचे. समुद्रातून बाहेर येऊन जंगल, डोंगर, नदी, वाळवंट असा प्रवास करायचा. बोटीने निघालेल्या जिवलगाला धक्क्यावरून शेवटचा निरोप द्यायचा.

निरोपाचा हा अभ्यास मी केला आहे, म्हणून सांगतो. चेहरा उघडा असता तर डोळ्यांत पाणी आणून काम भागले असते. मुखवट्यामागे ती सोय नाही. हात वर जातो, तो नेमका कधी जातो, खांदा आधी हलतो की मनगट, पाय मागे राहतात की पुढे, एवढेच पाहणाऱ्यापर्यंत पोहोचते. माझा हात बस थांबवल्यासारखा वर गेला होता. स्वतःला ते कळत नाही, समोरच्यांना मात्र स्वच्छ दिसते.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी व्हर्नियर कॅलिपर हातात घेतलेल्यांना ‘झीरो एरर’ आठवत असेल. मोजमाप घेण्याआधी यंत्र शून्यावर असताना किती चुकते, हे पाहून घ्यावे लागते. तटस्थ मुखवटा माणसाचा झीरो एरर दाखवतो. कोणी सतत एका पायावर भार देऊन उभा राहतो, कोणाची मान पुढे झुकते, कोणी प्रत्येक कृती गरजेपेक्षा लवकर संपवतो. या सवयी मोडून टाकायच्या नसतात. पुढे विदूषक घडतो तो त्यांच्यातूनच.

पूर्ण चेहऱ्यापासून नाकापर्यंतचा प्रवास कसा होतो?

तटस्थ मुखवट्यानंतर येतात ते ‘अळीरूप’ मुखवटे, म्हणजे अर्धवट घडलेल्या चेहऱ्यासारखे मोठे, पांढरे मुखवटे. स्वित्झर्लंडमधील बाझल शहराच्या कार्निव्हलमध्ये लकॉक यांना ते सापडले. मग ठळक स्वभाव दाखवणारे मुखवटे, त्यानंतर इटलीच्या ‘कोमेदिया देलार्ते’ परंपरेतील अर्धमुखवटे. त्यात तोंड मोकळे असल्याने बोलता येते. आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस लाल नाक. लकॉक या नाकाला जगातील सर्वात लहान मुखवटा म्हणत. आधीचे मुखवटे माणसाला झाकतात, हा एवढासा गोळा त्याला उघडा पाडतो.

नाकाचा हा उपयोग त्यांना वर्गातच सापडला. १९६०च्या दशकात त्यांनी विद्यार्थ्यांना गोल बसवले आणि एकेकाने मध्ये येऊन बाकीच्यांना हसवावे, असे सांगितले. विद्यार्थ्यांनी कोलांट्या मारल्या, शाब्दिक कोट्या केल्या, विनोद सांगितले. कोणी हसेना. हिरमुसले होऊन, ओशाळून ते जागेवर परत निघाले आणि त्यांचा तो पडलेला चेहरा पाहून सगळे हसू लागले. लकॉक यांनी या क्षणावर सगळी विदूषकविद्या उभी केली.

मराठीत हे चटकन समजते. आपल्याकडे ‘हसवणे’ वेगळे आणि ‘हसे होणे’ वेगळे. हसवणाऱ्याकडे कौतुकाने पाहिले जाते, हसे झालेला तोंड लपवतो. हसे झाल्यावरही तोंड न लपवता, समोरच्यांच्या डोळ्यांत पाहत उभा राहतो, तो विदूषक. ऐकायला सोपे आहे. पण परीक्षा, कॅम्पस इंटरव्ह्यू, अप्रेझल या सगळ्यांत चूक झाकायला शिकलेल्या माझ्यासारख्यांसाठी त्या तीन मिनिटांत तसे उभे राहणे तोंडी परीक्षेपेक्षा अवघड होते.

मग खेळ कशासाठी?

लकॉक यांचे विद्यार्थी आणि नंतर त्यांच्याच शाळेत शिकवणारे फिलिप गोलिए यांनी १९८० मध्ये स्वतंत्र शाळा काढली. अभिनेते साशा बॅरन कोहेन आणि एमा थॉम्पसन त्यांच्याकडे शिकले. गोलिए यांच्या पद्धतीत मुखवट्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व खेळाला आहे. संगीत खुर्ची, चेंडू, पकडापकडी असे मुलांचे खेळ. फ्रेंचमध्ये अभिनय करणे आणि खेळणे यांना एकच क्रियापद आहे. आपल्यालाही ते परके वाटू नये, कारण आपल्याकडे तमाशाचा, सर्कशीचा, अगदी सिनेमाचाही ‘खेळ’च असतो.

खेळताना माणूस अभिनय करायचे विसरतो. खुर्ची हुकली की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते ठरवून आणता येत नाही. गोलिए यांच्या मते रंगमंचावर खोड्या काढण्याचा आनंद दिसला नाही, तर बाकी कौशल्य व्यर्थ. विद्यार्थी कंटाळवाणा झाला की ते डफावर थाप मारून त्याला थांबवत आणि वर बोचरी टिप्पणीही करत.

सोंगाड्याशी याचे नाते आहे का?

मोह होतो, पण घाई नको. तमाशातला सोंगाड्या हा मुख्यतः जिभेचा गडी. हजरजबाबीपणा ही त्याची ताकद. ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके यांनी ती दाखवून दिली. तो मुखवटा घालत नाही, आणि ही कला वर्गात नव्हे तर फडात, जुन्याजाणत्यांकडे पाहून शिकली जाते. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे आहेत, पण तेथे मुखवटा घालणारा देव किंवा राक्षस होतो. स्वतःचा झीरो एरर शोधणे हा तेथे उद्देश नाही.

पाश्चात्त्य धाटणीचा विदूषक भारतीय रंगभूमीवर ठळकपणे दिसला तो रजत कपूर यांच्या ‘हॅम्लेट - द क्लाउन प्रिन्स’मध्ये. विदूषकांची टोळी शेक्सपिअरची शोकांतिका करायला जाते आणि अर्थहीन बडबडीतून ती उलगडते. त्यात हॅम्लेट झालेल्या अतुल कुमार यांच्या ‘द कंपनी थिएटर’ची निवासी तालमीची जागा कामशेतजवळ आहे.

अपमान करूनच शिकवायला हवे का?

या पद्धतीवरचा हा सर्वात गंभीर आक्षेप. अपयश हाच कच्चा माल असेल, तर शिक्षक ते अपयश मुद्दाम ओढवून आणणार. गोलिए यांचे अनेक विद्यार्थी सांगतात की, त्यांचा कठोरपणा हाही एक खेळच होता आणि सगळा वर्ग त्यात सामील असे. हे खरे असेल. पण खेळात ‘मला नाही खेळायचे’ म्हणण्याची मुभा हवी. आमच्या वर्गात एक मुलगी तटस्थ मुखवट्यातच रडू लागली. प्रशिक्षकांनी अभ्यास थांबवला, सगळ्यांना पाठ फिरवून उभे केले आणि ती तयार होईपर्यंत कोणी वळले नाही. ताटली तेव्हा वाजली नाही. मला वाटते, शिक्षकाचा खरा कस तेथे लागतो.

माझी दुसरी पाळी दुपारी आली. नाकाचे इलॅस्टिक तुटले, नाक घरंगळत खुर्च्यांखाली गेले. मी गुडघ्यावर बसून शोधू लागलो, एका बाईंच्या चपलेला ‘सॉरी’ म्हणालो आणि हॉल हसला. प्रयोग तोच केला की निकालही तोच यायला हवा, हे आमच्या प्रयोगशाळेत शिकवलेले. म्हणून संध्याकाळी, शेवटच्या पाळीत, मी नाक मुद्दाम पाडले, नेमके त्याच खुर्चीखाली.

ताटली वाजली.