डोळा असलेली फांदी

रबराच्या झाडाचं एकच पान देठासकट तोडून पाण्याच्या बाटलीत ठेवलं, तर काही आठवड्यांत देठाला पांढरी मुळं फुटतात. मातीत लावलं तरी ते तगतं, कधीकधी वर्षानुवर्षं हिरवंगार राहतं. वर मात्र काहीच येत नाही. नवा कोंब फुटायला डोळा लागतो, आणि तो पानात नसतो; पान फांदीला जिथे जुळतं त्या बेचक्यात असतो. हौसेनं पान लावून कोंबाची वाट पाहणाऱ्यांना हे कुणीतरी आधीच सांगायला हवं.

रोपवाटिकेतला जाणता माळी म्हणूनच सुटं पान कापत नाही. पानामागचा डोळा आणि त्याच्या वर-खाली थोडं खोड, एवढा तुकडा तो सिकेटरनं घेतो. काप बसताच पांढरा चीक भळभळतो. तो कपड्याला लागला की निघत नाही, अंगाला लागला तर खाज सुटते. चीक थांबेपर्यंत तुकडा पाण्यात धरतात. मग ते रुंद पान गुंडाळून त्याला रबर बँड लावतात. मुळं नसलेल्या तुकड्याला एवढ्या मोठ्या पानातून उडून जाणारं पाणी भरून काढता येत नाही, त्यासाठी ही काळजी. ओलसर कोकोपीट, वर शेडनेटची सावली, हवेत दमटपणा; एवढं मिळालं की उन्हाळा सरता सरता तुकडा धरतो.

हाच चीक एके काळी व्यापाराचा माल होता. हे झाड मूळचं ईशान्य भारतापासून इंडोनेशियापर्यंतच्या जंगलांतलं. 1870च्या दशकात इंग्रजांनी आसामात चारद्वारला त्याची मुद्दाम लागवड केली. पुढे मूळच्या ब्राझीलच्या दुसऱ्या रबरझाडानं बाजार मारला आणि हे झाड दिवाणखान्यात येऊन बसलं. मेघालयात खासी लोक याच झाडाची जिवंत मुळं ओढ्यावरून वळवून पूल घडवतात.

जाड, उंच रोप लवकर हवं असेल तर गुटी बांधायची. हे काम पावसाळ्यातलं, आणि बघत राहावं असं. पेन्सिलीहून थोड्या जाड फांदीवर, डोळ्याच्या जरा खाली, दोन-अडीच सेंटिमीटर रुंद सालीचं कडं काढतात. आतला बुळबुळीत थर चाकूनं खरवडून काढावा लागतो. तो राहिला तर झाड साल परत जोडून घेतं आणि मुळं फुटतच नाहीत. लाकडातून पाणी वर चढत राहतं, त्यामुळे पानं कोमेजत नाहीत. पानांनी तयार केलेलं अन्न मात्र सालीतून उतरताना कड्याच्या वरच्या काठाशी अडतं, आणि नेमकी तिथेच मुळं येतात. म्हणून मूळ फुटायची पावडर लावायची ती वरच्या काठाला. भिजवून पिळलेलं मॉस भोवती दाबून प्लास्टिकच्या कागदात आवळतात आणि दोन्ही टोकं सुतळीनं घट्ट बांधतात.

मग वाट पाहायची. कागदातून पहिली पांढरी मुळं दिसली की हात शिवशिवतात, पण ती काचेसारखी ठिसूळ असतात. त्यांना फाटे फुटून मॉसचा गोळा विणला गेला, की मगच खालून कापायचं.

बियांचा मार्ग निराळा. वड-उंबराच्या या गटातल्या झाडांची फुलं फळाच्या आत दडलेली, आणि त्यांच्यापर्यंत पोचते ती त्या-त्या झाडाची ठरलेली इवलीशी गांधीलमाशी. रबराच्या झाडाची माशी जिथे नाही तिथे त्याच्या फळांत उगवणारं बी धरत नाही. म्हणूनच आपल्याकडच्या बागांत ते कलमांवरच वाढलं. याच गटातल्या नांदरुकाचं तसं नाही. त्याची पिकलेली फळं पाण्यात कुस्करून तळाला बसलेलं खसखशीएवढं बी ओल्या मातीवर नुसतं पसरतात. वर माती टाकत नाहीत, कारण उगवायला त्याला उजेड लागतो.

बियांच्या रोपाला जे जमतं ते फांदीच्या कलमाला सहसा जमत नाही: त्याची मुळं रताळ्यासारखी फुगतात. ‘जिनसेंग’ या नावानं विकली जाणारी जाड पायांची बोन्साय ही अशीच बियांपासून वाढवलेली नांदरुकं. चीनच्या फुजियान प्रांतात ती मोठ्या प्रमाणावर तयार होतात. माती सारून मुळं उघडी करायची, वरचा शेंडा छाटायचा आणि तिथे लहान पानांच्या वाणाचं कलम बांधायचं. अशी कुंडी घरी आणली, तर कलमाच्या खालून फुटणारे कोंब दिसतील तेव्हा खुडावेत. ते मूळ नांदरुकाचे, जोमदार असतात आणि ठेवले तर वरच्या कलमाला मागे टाकतात.