डोक्यावरचं अंगण

मे महिना, दुपारी दोनचा सुमार. मोताळा तालुक्यातलं आमचं धामणगाव बढे अशा वेळी अगदी चिडीचूप असतं. पत्र्यावर चिमणीसुद्धा टेकत नाही. मी मामाच्या नव्या घरातून उठते आणि चार पावलांवरच्या आजीच्या जुन्या घरात पळते. दार बुटकं, वाकूनच आत शिरायचं. आणि आत काय गारवा! कूलर नाही, एसी नाही. छताच्या भोकातून, म्हणजे साण्यातून, उन्हाचा एक गोल कवडसा तेवढा जमिनीवर पडलेला.

आजीच्या घराला धाबं आहे. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. खाली लाकडाचे जाड सर, त्यांवर फळ्या, त्यांवर पऱ्हाट्या. पऱ्हाट्या माहीत आहेत ना? कापूस वेचून झाला की शेतात उरतात त्या काड्या. त्यांच्यावर दोन-दोन वीत माती, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. ही माती भिजली की तिचे कण एकमेकांना घट्ट बिलगतात आणि पाणी सहजासहजी खाली उतरत नाही.

आजी म्हणते, "हे घराचं पांघरूण हाय बापा."

पण पांघरुणानं तर ऊब येते! मग घर गार कसं? त्याचं असं आहे : पांघरूण ऊब तयार करत नाही, ते उष्णतेला अडवून ठेवतं. थंडीत आतली बाहेर जाऊ देत नाही, उन्हाळ्यात बाहेरची आत येऊ देत नाही. धाब्यावर ऊन पडलं की उष्णता मातीतून खाली निघते, पण गोगलगाईच्या चालीनं. पऱ्हाट्यांमध्ये अडकलेली हवा तिला आणखी अडवते. ती वाटेत असतानाच सूर्य मावळतो. वरची माती निवू लागते आणि बरीचशी उष्णता आल्या वाटेनं आभाळाकडे परत जाते.

मामाचा स्लॅब जेमतेम पाच इंचांचा. काँक्रीटमधून उष्णता भराभर पुढे सरकते. दुपारचं ऊन संध्याकाळपर्यंत खाली पोचतं आणि मग रात्रभर पंखा गरम हवाच फिरवत बसतो. असे हजारो स्लॅब शेजारी शेजारी, मध्ये डांबरी रस्ते आणि झाडं कमी, म्हणजे झालं शहर! म्हणून तर रात्री शहर आजूबाजूच्या शेतांपेक्षा गरम राहतं. शास्त्रज्ञ त्याला उष्णतेचं बेट म्हणतात.

मग सगळ्यांनी पुन्हा धाबीच बांधावीत का? मला नाही तसं वाटत. धाब्यावर दर पावसाळ्याआधी नवी माती टाकावी लागते. लाकडाला वाळवी लागते. झड लागली की धाबं गळतं. आणि माती फार जड असते. १९९३ साली लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं, म्हणजे तिकडची धाबीच, कोसळून हजारो माणसं गेली. मामानं स्लॅब घातला तो उगाच नाही.

तर वास्तुरचनाकारांपुढचं कोडं हे : छत मजबूत हवं, हलकं हवं, आणि गारही हवं.

बाळकृष्ण दोशी यांनी ते एका तऱ्हेनं सोडवलं. त्यांचा जन्म पुण्याचा, १९२७ चा. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. वास्तुकलेतला हा जगातला फार मोठा मान, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय. अहमदाबादेत त्यांनी स्वतःचं कार्यालय बांधलं, त्याचं नाव 'संगाथ'. त्याची छतं आडव्या अर्ध्या पिंपांसारखी गोलाकार आहेत आणि त्यांवर पांढऱ्या चिनी मातीचे फुटके तुकडे बसवलेत. पांढरा रंग ऊन आल्या पावली परत पाठवतो. ऊन आत शिरलंच नाही तर ते अडवायचा प्रश्नच कुठे येतो?

माझी सगळ्यात लाडकी इमारत मात्र कोपरगावची. तिथल्या एका शाळेच्या आवारात मुलांसाठी 'माया सोमैया ग्रंथालय' आहे. वास्तुरचनाकार समीप पडोरा यांच्या चमूनं ते बांधलं, २०१८ मध्ये पूर्ण झालं. त्याचं छत जमिनीतूनच उगवतं, डोंगरासारखं वर चढतं आणि पलीकडे पुन्हा जमिनीला टेकतं. मुलं खाली पुस्तकं वाचतात आणि वर धावतात! छत कसलं? तर पातळ विटांच्या थरांचं. एकेक वीट जेमतेम दोन सेंटीमीटर जाडीची.

एवढ्या पातळ विटा मुलांना पेलतात कशा? एक जुना पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या. दोन पुस्तकांवर आडवा टेकवा आणि मधोमध नाणी ठेवत जा. लगेच वाकेल. आता तोच पुठ्ठा कमानीसारखा वाकवून दोन पुस्तकांच्या मध्ये बसवा, म्हणजे त्याची टोकं बाहेर सरकणार नाहीत. आता ठेवा नाणी. बघा किती पेलतो! कमानीत वजन बाजूंनी घरंगळत जमिनीकडे जातं. प्रत्येक वीट शेजारच्या विटेला फक्त दाबते, आणि दाब सोसण्यात वीट पक्की पैलवान. ओढलं तर मात्र तुटते. स्पेनच्या कॅटालोनिया भागातले गवंडी शेकडो वर्षांपासून अशी छतं बांधत आले आहेत. कोपरगावला छताचा नेमका आकार शोधायला संगणकाची मदत घेतली.

हे सगळं मी मामाला सांगितलं. कमान बांधणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. पण त्यानं चुना आणि पांढरं सिमेंट कालवलं आणि आम्ही सगळ्या भाचरांनी मिळून कुंच्यानं आख्खा स्लॅब पांढरा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी शिडी चढून वर आली. तिनं पांढऱ्या स्लॅबवर धोतर पसरलं, त्यावर कुरडया घातल्या आणि धाकट्याला राखणीला बसवलं. दुपारी दोनला मी त्याला बोलवायला गेले, तर तो चप्पल उशाला घेऊन टाकीच्या सावलीत आडवा झालेला, आणि अनवाणी पाय उन्हातल्या पांढऱ्या स्लॅबवर खुशाल टेकलेले!