दिवा विझवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

पिंपळे सौदागरच्या नावातच व्यापार आहे. हिंजवडीच्या कंपन्यांत आणि पिंपरी, चाकणच्या कारखान्यांत नोकरी करणारी कुटुंबे येथे राहतात. सगळ्यांच्याच गाड्या नव्या नसतात. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतरच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ रोजी ६०० वरून ५,००० रुपये झाले. तरीही नवी गाडी घेण्यापेक्षा जुनी सांभाळणे अनेकांना परवडते. म्हणून जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीचा धंदा टिकणारा आहे. गॅरेज चालवणाऱ्या आपल्या तरुणांनी तो मुळापासून समजून घ्यावा.

नेहमीची तक्रार अशी: सिग्नलला गाडी थरथरते, आयडलिंग खालीवर होते आणि इंजिनचा पिवळा दिवा लागतो. काही कारागीर स्कॅनर लावतात, कोड वाचतात, सेन्सर बदलतात आणि दिवा विझवतात. चार दिवसांत दिवा पुन्हा लागतो. गिऱ्हाईक मग दुसरे गॅरेज शोधते.

कोड तक्रार सांगतो, गुन्हेगार नव्हे. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. यात ऑक्सिजन सेन्सर बहुधा केवळ साक्षीदार असतो. खरा दोष तडकलेल्या व्हॅक्यूम पाइपात, खराब गॅस्केटमध्ये किंवा पेट्रोलच्या कमी दाबात असू शकतो.

म्हणून स्वस्त तपासणी आधी करावी. एअर फिल्टर पाहावा. पाइपांवर हात फिरवून चीर शोधावी. थ्रॉटल बॉडीवरील काजळी साफ करावी. स्पार्क प्लग काढून पाहावेत. बॅटरीची टोके व अर्थिंग घट्ट करावे. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल तर पहिली कॉइल दुसऱ्यावर लावावी. कोड ‘पी ०३०२’ झाला तर दोष कॉइलचा. तसाच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन तपासावे. आरपीएम स्थिर असूनही गाडी थरथरत असेल तर इंजिन माउंटिंग पाहावे.

गाडीमालकांनीही दिव्यांची भाषा शिकावी. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर तत्काळ इंजिन बंद करावे. इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठावे. तो लुकलुकत असेल तर जोरात पळवू नये, मिसफायरमुळे महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. जुनी गाडी विकत घेताना किल्ली फिरवून पाहावी. दिवे लागावेत आणि इंजिन सुरू होताच विझावेत. दिवा मुळीच लागला नाही तर बल्ब काढलेला असण्याची शक्यता धरावी.

भारतात १ एप्रिल २०१३ पासून नव्या मोटारींना ओबीडी दोन सक्तीचे झाले. त्याआधीच्या अनेक गाड्यांशी साधा स्कॅनर बोलत नाही. तेथे कारागिराचा कान, डोळा आणि मल्टिमीटरच कामाला येतात. म्हणजे जुन्या उस्तादांचे कसब वाया गेलेले नाही. नव्या मुलांनी त्यांच्याकडून ते शिकावे आणि त्याला स्कॅनरची जोड द्यावी.

माप-तोलात लबाडी करणाऱ्यांना इशारा देणारी ‘मुतफ्फिफीन’ ही सूरह आपण सर्व जाणतो. चांगला सेन्सर खराब म्हणून बदलणे हीसुद्धा मापातील लबाडीच आहे. काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, दोष दाखवावा, मगच बिल करावे. अशा गॅरेजला जाहिरातीची गरज पडत नाही.