एकविसावा आणि बाविसावा

२३ एप्रिल २०२० च्या रात्री एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, फिलाडेल्फिया ईगल्सची पाळी आली. त्यांना वाइड रिसीव्हर हवा होता, म्हणजे वाऱ्यासारखा पुढे पळत जाऊन लांबून फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू. त्या वर्षीच्या नवोदितांमधून एकविसाव्या क्रमांकावर त्यांनी जेलन रेगरला घेतले. पुढची पाळी मिनेसोटा व्हायकिंग्जची. रिसीव्हर त्यांनाही हवा होता, आणि त्यांनी जस्टिन जेफरसनला घेतले. पहिल्याच हंगामात रेगरने ३१ झेलांवर ३९६ यार्ड मिळवले. जेफरसनने ८८ झेलांवर १,४०० मिळवले आणि २०२२ च्या हंगामात तो १,८०९ वर पोहोचला.

यात ईगल्सचा आळस नव्हता. खेळाडूंच्या मागावर वर्षभर गावोगाव फिरणारी माणसे त्यांच्या पदरी होती, शेकडो तासांचे चित्रण होते, वैद्यकीय तपासण्या होत्या, मुलाखती होत्या. एवढे सगळे हाताशी असूनही दोन तरुणांमधला हा प्रचंड फरक त्यांना दिसला नाही. मला हे दरवर्षी नव्याने थक्क करते. आणि अमेरिकेतल्या असंख्य हौशी लोकांनी नेमके हेच, वीस-बावीस वर्षांच्या मुलाचे पुढचे दशक ओळखण्याचे काम, हौसेने अंगावर घेतले आहे.

या खेळाला फॅंटसी म्हणतात. आपल्याकडे फॅंटसी म्हटले की एका सामन्यापुरते अकरा खेळाडू निवडायचे आणि रात्री हिशेब मिटवायचा, असे चित्र डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतला खेळ याहून जुना आहे. ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकनबाख यांनी १९६२ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात दोन सोबत्यांबरोबर बसून त्याचे नियम मांडले, आणि १९६३ साली ओकलंडला आपल्या घरी पहिली निवड घडवून आणली. प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंमधून कागदावरचा संघ बांधायचा आणि ते मैदानावर जे करतील त्याचे गुण मिळवायचे. साधारणपणे धावत किंवा झेलून मिळवलेल्या दहा यार्डांना एक गुण आणि टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेण्याला, सहा. बऱ्याच लीगमध्ये प्रत्येक झेलालाही एक. नेहमीच्या लीगमध्ये हंगाम संपला की संघ विसर्जित होतो. डायनस्टी लीगमध्ये तो होत नाही. घेतलेला खेळाडू तुम्ही विकेपर्यंत, सोडेपर्यंत किंवा तो निवृत्त होईपर्यंत तुमचाच. दरवर्षी नवी भर पडते ती फक्त रुकींची, म्हणजे कॉलेजातून नुकतेच आलेल्या खेळाडूंची. त्यांचा वेगळा ड्राफ्ट होतो आणि त्यात आदल्या वर्षी तळाला राहिलेल्याला सहसा आधी संधी मिळते. पुढच्या वर्षीचे, त्याच्याही पुढच्या वर्षीचे निवडीचे हक्कसुद्धा विकता-घेता येतात. ज्या मुलाचे नावही अजून कोणी ऐकलेले नाही, त्याचा सौदा आज होतो!

मग या मुलांना पारखायचे कसे? पहिली नजर जाते वेगाकडे. दरवर्षी हिवाळा सरता सरता इंडियानापोलिसमध्ये कॉम्बाइन भरतो. निवडक खेळाडू तिथे उड्या मारतात, वजन उचलतात, आणि सगळ्यांचे डोळे लागलेले असतात ते ४० यार्डांच्या धावेकडे. २०१७ मध्ये जॉन रॉसने हे अंतर ४.२२ सेकंदांत कापून विक्रम केला. सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर उचलले. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. नुसता वेग पुरत नाही, कारण रिसीव्हरचे काम शर्यत जिंकण्याचे नसते. समोरच्या बचावपटूला कधी चकवायचे, पाऊल कुठे मोडायचे, चेंडू फेकणाऱ्याच्या हातातून सुटण्याआधी त्याच्या जागेवर कसे पोहोचायचे, हे घड्याळात उमटत नाही.

रनिंग बॅकचे, म्हणजे चेंडू छातीशी धरून गर्दीत घुसणाऱ्याचे, गणित थोडे वेगळे. तिथे वेग आणि वजन एकत्र पाहावे लागते. बिल बार्नवेल या क्रीडालेखकाने त्यासाठी एक सुरेख सूत्र मांडले: खेळाडूचे पौंडांतले वजन २०० ने गुणायचे आणि ४० यार्डांच्या धावेच्या सेकंदांच्या चौथ्या घाताने भागायचे. उत्तर शंभराच्या आसपास आले तर खेळाडू सर्वसाधारण. डेरिक हेन्रीचे वजन २४७ पौंड आणि वेळ ४.५४ सेकंद. आकडेमोड करून पाहा, ११६ येतात. एवढ्या देहाला एवढा वेग! तरीही २०१६ मध्ये तो पंचेचाळिसाव्या क्रमांकापर्यंत कोणाला नको होता.

माझ्या लेखी सर्वांत देखणी खूण मात्र वयाची आहे. शाळा संपल्यावर तीन वर्षे उलटल्याशिवाय एनएफएलमध्ये येता येत नाही, त्यामुळे कॉलेजच्या मैदानावर अठरा-एकोणीस वर्षांची मुले बावीस-तेवीस वर्षांच्या भरलेल्या शरीरांशी भिडतात. एखाद्याने बाविसाव्या वर्षी हजार यार्ड मिळवले तर ते चांगलेच; पण तेच एकोणिसाव्या वर्षी कोणी करत असेल तर तो आपल्यापेक्षा थोरांना हरवत असतो. म्हणून डायनस्टीवाले विचारतात, संघाच्या एकूण झेलांच्या यार्डांपैकी आणि टचडाउनांपैकी निदान पाचवा हिस्सा या मुलाने पहिल्यांदा आपल्याकडे ओढला तेव्हा त्याचे वय काय होते? हिस्सा मोजण्यामागेही शहाणपण आहे. काही कॉलेजे सतत चेंडू फेकतात, काही क्वचितच फेकतात. नुसते यार्ड पाहिले तर पद्धतीचे श्रेय खेळाडूला जाते.

पण ही खूणही कधी कधी झाकोळते. जेफरसनचेच पाहा. २०१९ मध्ये लुइझियाना स्टेटकडून त्याने १११ झेलांवर १,५४० यार्ड आणि १८ टचडाउन केले होते. त्याच संघात, त्याच हंगामात, त्याच्याहून लहान जमार चेसने १,७८० यार्ड आणि २० टचडाउन केले. चेंडू फेकणारा जो बरो. असा संघ कॉलेज फुटबॉलने क्वचितच पाहिला असेल. त्या गर्दीत जेफरसनचे श्रेय थोडे बरोच्या आणि थोडे चेसच्या खात्यावर मांडले गेले. एका मैदानावर तीन असामान्य माणसे एकाच वेळी उभी असू शकतात, हे मान्य करायला मन धजावत नाही.

या सगळ्यांपेक्षा भरवशाची खूण दिसायला अगदी साधी आहे: खऱ्या ड्राफ्टमध्ये मुलाला कितव्या क्रमांकावर घेतले. मला ही गोष्ट विलक्षण वाटते, कारण या क्रमांकात दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. एक म्हणजे बत्तीस संघांचे ज्ञान. दुसरी म्हणजे पुढे मिळणारी संधी. पहिल्या फेरीत घेतलेल्या खेळाडूशी चार वर्षांचा करार होतो आणि पाचवे वर्ष राखून ठेवण्याचा हक्क संघाकडे असतो. एवढा पैसा आणि एवढी अब्रू गुंतल्यावर प्रशिक्षक त्याला पुन्हा पुन्हा खेळवतो. सहाव्या फेरीतल्या मुलाच्या हातून दोन झेल सुटले की त्याची जागा जाते. म्हणजे क्रमांक भविष्य सांगतो आणि थोडेफार घडवतोही.

आणि तरीही? अर्थशास्त्रज्ञ केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी एनएफएल ड्राफ्टचा कसून अभ्यास केला. थेलर यांना पुढे २०१७ चे नोबेल मिळाले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातला एक आकडा माझ्या मनातून जात नाही. एकाच जागेवर खेळणाऱ्या आणि एकापाठोपाठ निवडल्या गेलेल्या दोघांपैकी आधीचा सरस ठरण्याची शक्यता होती सुमारे ५२ टक्के. नाणे उडवले असते तर पन्नास. इतकी खर्चिक पारख, आणि शेजारच्या दोघांमध्ये निवड करताना तिची कमाई दोन टक्क्यांची. एकविसावा आणि बाविसावा यांची गोष्ट अपवाद वाटते खरी, पण तिच्यातला अंधार रोजचाच आहे.

म्हणून पुका नाकुआसारखी माणसे निघतात. २०२३ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर घेतले. हंगामाच्या तोंडावर संघाचा प्रमुख रिसीव्हर कूपर कप जखमी झाला आणि दार उघडले. दुसऱ्याच सामन्यात नाकुआने १५ झेल घेतले. वर्षअखेर १०५ झेल आणि १,४८६ यार्ड. रुकीने मिळवलेल्या यार्डांचा १९६० पासून टिकलेला विक्रम त्याने मोडला. कप धडधाकट असता तर? नाकुआ तितकाच चांगला असता. आपल्याला कळायला कदाचित दोन वर्षे लागली असती.

उलट दिशेचे उदाहरण रनिंग बॅक ट्रेंट रिचर्डसनचे. २०१२ मध्ये क्लीव्हलंडने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले, आणि पहिल्या वर्षी त्याने धावत ९५० यार्ड व ११ टचडाउन केले. आकडे भरघोस दिसत होते. पण प्रत्येक धावेला सरासरी चार यार्डही पडत नव्हते; संघ त्याच्याकडे चेंडू देत राहिला म्हणून बेरीज वाढत गेली. पुढच्याच सप्टेंबरात क्लीव्हलंडने त्याला विकले आणि २०१४ नंतर तो एनएफएलमध्ये खेळलाच नाही. नवोदिताच्या पहिल्या वर्षात बेरीज पाहावी की दर, याचे उत्तर इथे मिळते.

धीराचा हिशेबही जागेनुसार बदलतो. रनिंग बॅक आल्या आल्या गुण देतो, पण रोजच्या धडकांनी त्याचे शरीर लवकर झिजते. सत्ताविशीनंतर त्याच्यावर भरवसा ठेवणे जोखमीचे. हेन्रीने वयाच्या तिसाव्या वर्षी, २०२४ च्या हंगामात, १,९२१ यार्ड धावून हा नियम वाकवला. त्याच्यावरून दुसऱ्या कोणाचा अंदाज बांधू नये. रिसीव्हर उशिरा पिकू शकतो आणि मग बराच काळ टिकतो. डेव्हान्टे ॲडम्सची पहिली दोन वर्षे ४४६ आणि ४८३ यार्डांची होती. तिसऱ्या वर्षी ९९७ यार्ड आणि १२ टचडाउन. दुसऱ्या हंगामानंतर ज्यांनी त्याला स्वस्तात सोडले, त्यांनी त्याच्या कारकिर्दीची सर्वोत्तम वर्षे दुसऱ्याला देऊन टाकली. टाइट एंडला तर आणखी सवड द्यावी लागते, कारण त्याला धक्के देण्याचे आणि झेलण्याचे असे दोन धंदे शिकायचे असतात. ट्रॅव्हिस केल्सीच्या नावावर पहिल्या वर्षी एकही झेल नव्हता. गुडघ्याने त्याला एकच सामना खेळू दिला.

तुम्ही अशा लीगमध्ये उतरणार असाल तर आधी खऱ्या ड्राफ्टचा क्रमांक पाहा, मग कॉलेजातला हिस्सा आणि त्या वेळचे वय, आणि घड्याळ सर्वांत शेवटी. यादीतली पहिली दोन-चार नावे बाकीच्यांहून स्पष्ट वरचढ दिसत असतील तर ती सोडू नका. त्याखाली दोन मुले तुम्हाला सारखीच वाटत असतील, तर पहिल्यासाठी भांडू नका. एक जागा मागे सरका आणि बदल्यात पुढच्या वर्षीचा एखादा जादा हक्क मागून घ्या.