करोल बागेतील संयुक्त मत

दिल्लीतील करोल बाग आज लग्नसराईच्या खरेदीसाठी ओळखली जात असली, तरी तिच्यातील रैगरपुऱ्यात राजस्थानातून आलेला रैगर समाज, म्हणजे कातडी कमावण्याच्या परंपरागत व्यवसायामुळे अस्पृश्य ठरवला गेलेला समाज, फाळणीच्या कितीतरी आधी वसला होता. पुढे पश्चिम पंजाबातून आलेले निर्वासित त्याचे शेजारी झाले आणि मताधिकाराने दोघांना एकाच मतदारयादीत आणले.

या व्यवस्थेचा पाया पुण्याच्या येरवडा तुरुंगात घातला गेला. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने संयुक्त मतदारसंघ, म्हणजे जागा राखीव पण मतदार सर्व जातींचे, ही पद्धत ठरली. तथापि दलित प्रतिनिधी सवर्णांच्या मर्जीवर अवलंबून राहील ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची धास्ती करारावर सही केल्याने सरली नाही, म्हणूनच १९४७ साली त्यांनी स्वतंत्र मतदारसंघांची, म्हणजे दलित प्रतिनिधी केवळ दलित मतदारांनीच निवडण्याची, मागणी पुन्हा मांडली.

रैगर समाजाचे नेते नवल प्रभाकर यांची वाटचाल या पेचाच्या संदर्भात पाहण्यासारखी आहे. १९५२ व १९५७ मध्ये ते बाह्य दिल्लीच्या द्विसदस्यीय मतदारसंघातून लोकसभेवर गेले. अशा मतदारसंघात मतदाराला दोन मते असत, दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत आणि दोनपैकी एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव असे. त्यामुळे राखीव जागेवरचा खासदार सर्वसाधारण जागेवरच्या खासदाराचा जोडीदार ठरत असे. १९६१ च्या कायद्याने ही पद्धत मोडीत निघाली आणि १९६२ मध्ये प्रभाकर करोल बागेच्या राखीव जागेवरून निवडून आले, तेव्हा मतदारसंघातील दुकानदार, कारकून, चर्मकारागीर अशा साऱ्यांचा लोकसभेतील एकमेव प्रतिनिधी दलित होता. सामाजिक समतेच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची होती, कारण वरच्या जातीच्या मतदारालाही आपले गाऱ्हाणे घेऊन त्याच्याच दारी जावे लागणार होते. परंतु बाबासाहेबांचा आक्षेप तिने खोडला असे म्हणता येत नाही, कारण केवळ स्वतःच्या वस्तीच्या बळावर ही जागा जिंकणे कोणालाही शक्य नव्हते.

१९८४ मध्ये सुंदरवती नवल प्रभाकर, तर १९९६ व १९९८ मध्ये जगजीवन राम यांच्या कन्या मीरा कुमार येथून विजयी झाल्या. २००८ च्या पुनर्रचनेत लोकसभेचा हा मतदारसंघ संपला आणि दिल्लीतील राखीव जागा वायव्य दिल्लीकडे गेली. करोल बागेची विधानसभेची जागा मात्र आजही राखीव आहे.